गाडीचं पाणी जातं कुठं

वडील रोह्याला डॉक्टर होते. कोलाड, खांब, निडी, जिथून बोलावणं येईल तिथे ते आपल्या गाडीतून जायचे. ते वारले तेव्हा गाडी म्हातारी झाली होती आणि मी लग्न करून पेणच्या खारेपाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, राहायला आले होते. त्यांच्या बाकी कुठल्या वस्तूवर मी हक्क सांगितला नाही, गाडी मात्र हट्टाने मागून घेतली. तिचा गियर स्टिअरिंगच्या दांड्याला, दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही, आणि जिथे उभी करावी तिथे खाली काहीतरी ठिबकवून ठेवायची सवय. नवरा म्हणाला, "हिला सांभाळण्यापेक्षा म्हैस बरी, ती दूध तरी देते." मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

पुढे दोन वर्षांनी आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती गाडी माझी चैन न राहता गरज झाली. आईची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेल्यातच जमा होतं. एकेक शब्द खूप वेळाने, वाकड्या ओठांतून यायचा. रोह्यातलं घर सोडायला ती तयार नव्हती. शेजारची एक बाई तिचं रोजचं सगळं प्रेमाने बघायची. मी बुधवारी शाळा सुटल्यावर आणि शनिवारी अर्ध्या शाळेनंतर जायची. मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. एसटीने जायचं तर फाट्यापर्यंत चाला, मग पेण, मग रोहा, आणि बुधवारी रात्री परतीची एसटीच नाही. रेल्वेच्या वेळा माझ्या शाळेशी कधी जुळल्या नाहीत. म्हणजे गाडी असेल तर आई, नाही तर नाही, इतका सरळ हिशोब होता.

जाऊन मी काही मोठं करत नव्हते. तिच्या डोक्याला तेल लावायचं, केस धुऊन वेणी घालायची, नखं कापायची, आणि आठवड्यात काय काय झालं ते बडबडत राहायचं. केसांच्या बाबतीत आई आयुष्यभर काटेकोर. शेजारीण वेणी घाली ती तिला पसंत नसायची, आणि ते सांगता येत नाही म्हणून ती डाव्या हाताने ती सोडून टाकायची.

एका बुधवारी निडीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली. तापमानाचा काटा पार टोकाला जाऊन बसला होता. मी गाडी कडेला घेतली, एका घरातून बादलीभर पाणी मागून घेतलं, इंजिन निवल्यावर ते ओतलं आणि रोह्याला न जाता जपून जपून माघारी आले. घरी येईपर्यंत नवऱ्याच्या जिवात जीव नव्हता. तो कंपनीत शिफ्टला, त्यामुळे मला नेणं-आणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, "गळती सापडेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. नाहीच सापडली तर विकून टाकू." तो ओरडला असता तर मी भांडले असते. शांतपणे बोलला म्हणून गप्प बसले.

मग शोध सुरू झाला. पेणहून मिस्त्री स्कूटरवरून यायचा, रविवारी सकाळी. त्याने पहिल्यांदा मला कामाला लावलं. गाडीखाली वर्तमानपत्रं पसरायची, चाकं कुठे, इंजिन कुठे त्याच्या खुणा करायच्या आणि सकाळी बघायचं की कुठे काय पडलं. मी वर्गात नकाशे काढते तसे नकाशे काढले. इंजिनाखाली काळा डाग, म्हणजे इंजिन ऑइल. त्याने वरच्या झाकणाचं वाळून कडक झालेलं पॅकिंग बदललं, डाग बंद झाला. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, बोटाला बुळबुळीत. ते ब्रेकचं तेल. त्याने त्या चाकातली रबरं बदलली. मग मीच अंगणात गाडी पुढे-मागे करून ब्रेक दहा वेळा दाबून बघितले.

पाण्याचं मात्र काही कळेना. कागदावर पाण्याचा डाग नाही. होज पाइप कोरडे, पंप कोरडा. रेडिएटरचं झाकण उघडावं तर पाणी अगदी गळ्यापर्यंत. मिस्त्री म्हणायचा, "बाई, पाणी कमीच होत नाही तर गळेल कुठून?" मी म्हणायची, "मग त्या दिवशी उकळली कशी?" त्याने वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला, आणि तिसऱ्या रविवारी हात पुसत म्हणाला की आता त्याच्या डोक्यात आणखी काही येत नाही. त्याचा प्रामाणिकपणा मला त्या वेळी मुळीच आवडला नाही.

तीन आठवडे मी आईकडे गेले नव्हते. शेजारणीच्या घरी फोन होता, ती तो लांब वायरीने आईच्या खाटेपर्यंत आणायची. त्या रविवारी संध्याकाळी मी गाडीची सगळी कथा आईला सांगितली, पॅकिंग, पंप, काय काय. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग आई एकेक शब्द जोडत म्हणाली, "सासरी... नको... म्हणतात?"

मी नाही नाही म्हटलं, पण तिचा विश्वास बसला नाही हे मला कळलं. तिचा या लग्नाला विरोध होता. "खारेपाटात मुलगी द्यायची म्हणजे जन्मभर तिने डोक्यावरून पाणी वाहायचं," असं तेव्हा ती बोलली होती. आता अंथरुणावर पडल्या पडल्या तिने हेच धरून ठेवलं होतं, की गाडी हे निमित्त आहे, मुलीला सासरच्यांनी अडवलंय. फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. आई मेली तर हाच समज घेऊन मरेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

आणि खरं सांगायचं तर तिने पेरलेली शंका माझ्याही मनात उगवली. आमच्या घरात आम्ही तिघंच, मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही ही जुनी रीत ते इतकी कडक पाळायचे, की स्वयंपाकघराच्या दारात खोकून थांबायचे आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचे, "चाय झाली असंल तर..." लग्नाला चार वर्षं झाली तरी त्यांनी मला एक सरळ प्रश्न विचारला नव्हता. गाडी घरी आली त्या दिवशी मात्र ते मुलाला म्हणाले ते मी ऐकलं होतं, "बाईमानसानं येकटीनं रोह्यापावेतो जायाचं?" ते वाक्य माझ्या मनातून गेलं नव्हतं.

मिस्त्री थकला म्हणून मी थकायची नाही, हा माझा स्वभाव. सोमवारी शाळेतून आल्यावर मी अंगणातच गाडी अर्धा तास चालू ठेवली. ती निवेपर्यंत भात टाकला, आमटी केली. मग झाकण उघडून आत काडी घालून बघितली. पाणी चांगलं चार बोटं खाली गेलेलं. मला इतका आनंद झाला, जणू परीक्षेत पहिली आले. पाणी जातंय, म्हणजे गळती आहे, म्हणजे मी वेडी नाही. मुद्दाम पाणी घातलं नाही. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पुन्हा काडी घातली तर रेडिएटर काठोकाठ भरलेला.

मी झाकण हातात धरून उभीच राहिले. गाडी आपलं आपण पाणी पीत नाही. नवरा रात्रपाळीला होता. घरात तिसरं माणूस एकच.

दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर उठले आणि दिवा न लावता स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले. उजाडायला लागलं तसे मामा पडवीतून उतरले. बॉनेट उघडलं, सफाईने, सवय असल्यासारखं. मी चप्पल न घालता बाहेर धावले आणि जे बोलायला नको ते बोलले. म्हणाले, "मामा, मला आईकडे जाऊ द्यायचं नसेल तर तोंडाने सांगा. गाडी का बिघडवता?"

त्यांच्या हातात कळशी होती. त्यांनी ती हळूच खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, गाडीकडे बघत म्हणाले, "बिघडवत नाय. पानी देतंय."

"कधीपासून?"

"तुजी आय पडली तवापासून. रोज बघतंय, कमी झालं की वततंय. बैलाला लागतं तसं हिला बी लागत असंल." कळशी जरा बाजूला सरकवत म्हणाले, "तू शाला करून एवढ्या लांब जातेस, दमून येतेस. म्हटलं येवढं तरी आपल्या हातनं होऊ दे."

माझा सगळा राग जागच्या जागी बसला. वर्षभर हा माणूस रोज पहाटे उठून माझ्या वाटेची काळजी घेत होता आणि त्याने त्याची वाच्यता कुठे केली नव्हती. पाणी कमी होणं हेच दुखणं आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण, मी त्यांच्याशी बोलत नव्हते आणि ते माझ्याशी. मिस्त्री आणि मी दर रविवारी सकाळी झाकण उघडून जे काठोकाठ पाणी बघत होतो, ते मामांनी आधीच भरून ठेवलेलं असायचं.

मग माझी नजर कळशीकडे गेली. मी विचारलं, "पाणी कुठलं हे?"

"तल्यातलं."

आमच्या गावचं तळं म्हणजे मचूळ पाणी. भरतीचं पाणी जमिनीखालून त्यात येतं. भांडी आणि कपडे त्यावर निघतात, तोंडात घालवत नाही. पिण्याचं पाणी वेशीजवळच्या नळाला दिवसाआड तासभर यायचं आणि तिथे बायांची रांग लागायची. मी जरा चिडूनच म्हणाले, "घरात नळाचं भरलेलं असतं की. ते का नाही घातलंत?"

मामा कळशीकडे बघून म्हणाले, "नळाचं तू डोक्यावरनं आनतेस. त्ये मी गाडीत वतू?"

मी अंगणात उभी राहून पदराने डोळे पुसत राहिले. मग, कोणीतरी सांगायलाच हवं होतं म्हणून, सांगितलं की खाऱ्या पाण्याने इंजिन आतून खाल्लं गेलं असणार.

त्यांचा चेहरा उतरला. "लोखंडाला मीठ खातं ह्ये मला सांगाय नको," ते म्हणाले. "आमची फावडी दोन वर्सं टिकली नाय कदी. पन ही लोखंडाची हाय असं मला वाटलंच नाय गो."

पहिल्यांदा ते मला गो म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मिस्त्रीला तीन रविवारांत सुचलं नव्हतं. ते आत गेले आणि दाढीचा आरसा आणि हातबॅटरी घेऊन आले. "खारं पानी गेलं असंल तर मीठ मागं ठेवून गेलं असंल," एवढंच म्हणाले. बॉनेटखाली पार आत वाकले. मला बॅटरी धरायला सांगितली, "हिकडं... जरा खालती," आणि स्वतः आरसा हात पोचत नाही अशा ठिकाणी फिरवायला लागले. मिठागराच्या बांधावर ते असेच चालायचे म्हणे, बांधातून पाणी जिथून झिरपतं ते खेकड्याचं बीळ शोधत, ओलीकडे न बघता वाळलेल्या पांढऱ्या रेघांकडे बघत. मी त्यांच्या इतक्या जवळ कधी उभी राहिले नव्हते. त्यांच्या बंडीला तंबाखूचा वास होता.

धुराच्या जाड नळीच्या मागे, इंजिनाच्या अंगाला, आतलं पाणी बाहेर येऊ नये म्हणून, नाण्याएवढी एक पत्र्याची टिकली बसवलेली असते. आरशात ती दिसली. तिच्या खालच्या कडेपासून एक पांढरी रेघ निघाली होती, बारीक, खडबडीत. मामांनी आरसा माझ्याकडे दिला, हात आत घालून नखाने तिथलं थोडं खरवडलं आणि सरळ जिभेला लावलं. मी नको नको म्हणेपर्यंत चव घेऊन थुंकून मोकळे. मिठाची पारख त्यांनी जन्मभर जिभेनेच केली होती.

"आपलंच हाय," ते म्हणाले.

मिस्त्री आला, त्याने ती टिकली ठोकून काढली. पापडासारखी पातळ झाली होती आणि मधोमध टाचणीएवढं भोक. त्याने समजावलं ते असं, की इंजिन तापलं की आतल्या दाबाने पाणी त्या भोकातून झिरपायचं आणि तापल्या लोखंडावर तिथल्या तिथे वाळून जायचं. थेंब खाली पडायचाच नाही, मग कागदावर डाग दिसणार कसा? त्याने इंजिनावरच्या तसल्या सगळ्या टिकल्या पितळेच्या बसवल्या. गाडी पेणला नेऊन रेडिएटर आणि इंजिन पाच-सहा वेळा गोड्या पाण्याने धुतलं, आतून तांबडा चिखल निघाला. मिस्त्री मला म्हणाला, "बाई, माझी सगळी हत्यारं एकीकडे आणि म्हाताऱ्याची जीभ एकीकडे." मामांनी हे ऐकलं, पण हसले नाहीत. तीन दिवस ते नीट जेवलेही नाहीत.

शनिवारी निघायचं ठरलं. सासरच्यांनी मला अडवलंय असं आईला वाटतंय, हे मी नवऱ्याला सांगितलं ते मामांनी पडवीत ऐकलं होतं. नवऱ्याची शिफ्ट होती, तरी तो म्हणत होता की पहिल्या खेपेला एकटीने जाऊ नको. मामा पडवीतून म्हणाले, "मी जातंय संगं." त्या दिवशी नळाला पाणी होतं. मी शाळेतून आले तर शेजारच्या बाया हसून लोळत होत्या. मामा कळशी घेऊन बायांच्या रांगेत उभे राहिले होते, नंबर येईपर्यंत, कोणाच्या पुढे न जाता. गावात पुरुष त्या रांगेत उभा राहिलेला कोणी बघितला नव्हता. ते पाणी त्यांनी कॅनमध्ये भरून गाडीत ठेवलं होतं, वाटेत लागलं तर म्हणून.

नागोठण्यापर्यंत मामांचं सगळं लक्ष काट्यावर. निडीच्या पुढे त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, उतरून खाली वाकून बघितलं, चार पावलं मागे जाऊन रस्ताही बघितला, आणि परत येऊन बसले. "सुकं हाय," म्हणाले. काटा मध्यावरून हलला नव्हता.

आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. केस मोकळेच, गुंता झालेला. मला बघून तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मग माझ्या मागे मामा दिसले आणि तिचा चेहरा कडक झाला. लग्नानंतर ते या घरात पहिल्यांदाच आले होते. उंबऱ्यापाशीच थांबले. टोपी काढून हातात घेतली.

"विहीनबाय," ते म्हणाले, "पोरीला आमी अडवली नाय. गाडी मी बिघडवली. मला उमगलं नाय, खारं पानी वतत बसलो. तिचा त्यात काय दोस नाय, पोराचा बी नाय. तुमचे चार बुधवार माज्यापायी गेले."

त्यांनी हात जोडले. ज्या माणसाने मला चार वर्षांत सरळ हाक मारली नव्हती, त्याने माझ्यासाठी माझ्या आईपुढे हात जोडले. मी तेलाची बाटली घेऊन आईच्या मागे जाऊन बसले आणि तिचे केस सोडवायला लागले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, शब्द लागत नव्हता. शेजारीण पुढे होऊन काहीतरी बोलणार होती, तिला मी मानेने नको म्हटलं. खूप वेळाने आई म्हणाली, "बसा."

मामा खुर्चीत न बसता उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसले. मी तेल लावलं, गुंता काढला, तिन्ही पेड सारखे करून वेणी घातली. वेणीला रिबीन बांधत असताना आईने पुन्हा तोंड उघडलं. तिला काय विचारायचंय ते मला कळलं होतं, पण मी तिचा शब्द तोडला नाही.

"बुधवारी?" तिने विचारलं. माझ्याकडे वळून नाही, मामांकडे बघून.

"व्हय," मामा म्हणाले. "गाडी नाय चालली तर मी एष्टीनं आनीन तिला. परतीची एष्टी नाय घावली तर दोगं बी हितंच राहू."

आईचा डावा हात मागे आला आणि वेणी चाचपत चाचपत शेवटपर्यंत गेला. मला वाटलं, ती सोडते की काय. तिने ती खांद्यावरून पुढे घेतली आणि तशीच राहू दिली.